कोळेकर मॅडमची पाकिटं

सुमन कोळेकरबरोबर मी सात वर्षं काम केलं. त्या सात वर्षांत तिला पाहिलं त्यापेक्षा ऐकलं जास्त. औरंगपुऱ्यात लग्नपत्रिकांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडं मी टायपिंग शिकवायची, पलीकडं ती प्रोग्रामिंग. माझ्या बाजूला वीस कीबोर्डांची टकटक असायची, पण तिचा आवाज त्याला पुरून उरायचा. तिचं घराणं वैजापूरकडचं, मेंढरांमागं फिरणारं. दोन शेतं पलीकडच्या माणसाला हाक पोचवायची सवय त्या आवाजाला लहानपणीच लागलेली.

मला प्रोग्रामिंगमधलं काही येत नाही. पण डिक्शनरी नावाची एक चीज असते, तिच्यातून लूप फिरवताना, म्हणजे एकेक नोंद ओळीनं घेताना, नवी पोरं कुठं कुठं चुकतात, हे मी आजही घडाघडा सांगू शकते. दर तीन महिन्यांनी नवी बॅच यायची आणि नेमकी त्याच जागी अडखळायची. सुमनचा तो सगळ्यात आवडता धडा होता.

त्या धड्यासाठी ती खालच्या दुकानातून छपाईत बिघडलेली पाकिटं मागून आणायची. कुठं गणपती तिरका, कुठं शाई पसरलेली. प्रत्येक पाकिटावर एका विद्यार्थ्याचं नाव लिहायची आणि आत चिठ्ठीवर त्याचे गुण.

"ही तुमची डिक्शनरी," ती म्हणायची. "वरचं नाव म्हणजे की. आतली चिठ्ठी म्हणजे व्हॅल्यू. आता लूप फिरवा आन् सगळ्यांच्या गुणांची बेरीज करा."

पोरं लूप लिहायची, पडद्यावर लाल अक्षरांत एरर यायची. मग ती पाकिटांचा गठ्ठा घेऊन पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी हातात एक पाकीट द्यायची.

"हातात काय आलं?"

"मार्क, मॅडम."

"नीट बघ. हातात काय आलं?"

"पाकीट."

"उघडलं का?"

"नाय."

"मंग? नावांची बेरीज करून राहिला तू. सोनालीत प्रकाश मिळवला तर किती व्हतात?"

वर्ग हसायचा. माझ्या बाजूची टायपिंगची पोरंही हात थांबवून हसायची. लूपमधे नुसती की हाती येते, तिचं पाकीट उघडून व्हॅल्यू आपण काढायची असते, हे असं त्या पोरांच्या डोक्यात बसायचं ते कायमचं.

दुसरी चूक व्हायची ती लूप चालू असतानाच डिक्शनरीतून नावं काढून टाकायची. नापास झालेल्यांची नावं काढा म्हटलं की पोरं फिरता फिरताच खोडत सुटायची, आणि कॉम्प्युटर मधेच थांबायचा. त्यावर तिच्याकडं आबांची गोष्ट होती. आबा म्हणजे तिचे वडील. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभं राहून ते मेंढरं आत घ्यायचे आणि मोजायचे. मोजणी चालू असताना लहानग्या सुमननं एकदा एक कोकरू उचललं. आबांनी सगळी मेंढरं पुन्हा बाहेर काढली आणि पहिल्यापासून मोजली. पोरीला रागवले नाहीत, मारलं नाही. अंधार पडेपर्यंत मोजत राहिले.

"मोजणी चालू असताना कळपात हात घालायचा नाय," ती पोरांना सांगायची. "काढायचंय कोण, ते आधी दुसऱ्या कागदावर लिहून घ्या. मोजणी संपू द्या. मंग काढा."

तिसरी गोष्ट ती सगळ्यात शेवटी दाखवायची, आणि तेव्हा तिचा आवाज उतरायचा. एका नावाची दोन पाकिटं घ्यायची. पहिलं टेबलावर ठेवायची. त्याच नावाचं दुसरं आलं की पहिलं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायची.

"एका कीचं एकच पाकीट राहतं. दुसरं आलं की पहिलं गेलं. आता सांगा, कोण ओरडलं? लाल अक्षरं आली का? नाय आली. यंत्र ओरडतंय तवर भ्यायचं नाय, ओरडलं म्हणजे तुम्ही वाचलात. गुपचूप चुकतं ना, त्याला भ्या. म्हणून नावाची की करायची नाय. रोल नंबरची करायची. नावं सारखी असतात, माणसं नसतात."

हे वाक्य मी पार्टिशनच्या अलीकडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

तिच्या सवयी साध्या होत्या, पण तिच्या म्हणून लक्षात राहण्यासारख्या. चाकाच्या खुर्चीवर ती कधी बसली नाही, "जिमीन सरकल्यासारखी वाटती," म्हणायची. चहा बशीत ओतून प्यायची. भाकरीबरोबर ठेचा आणायची आणि डबा उघडला की पहिला तुकडा माझ्या झाकणात ठेवायची, मग स्वतः खायची. मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. मी पोरांसमोर तिला मॅडम म्हणायची आणि एरवी सुमन. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "बॅच संपू द्या," आणि दुसरी बॅच सुरू व्हायची.

आबा एकदाच क्लासला आले होते. दवाखान्याच्या कामासाठी शहरात आले होते, तिथून तिनं त्यांना वर आणलं. पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायातल्या वहाणा दारात काढून ते आत आले. त्यांना दाखवायला म्हणून तिनं सगळ्या मेंढरांची नावं आधीच कॉम्प्युटरात घातली होती. लूप फिरवला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले,

"सुमे, चांदी कुठंय?"

"आबा, चांदी मेली न्हाय का गेल्या साली?"

"मेली म्हणून नाव काढायचं व्हय?"

सुमननं गपकन खाली बसून चांदीचं नाव घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं. आबांनी मान हलवली. जाताना मला म्हणाले, "पोरगी शिकली, पण कळपातलीच हाय."

मग ती बॅच आली, जिच्यात पूजा होती.

पूजा जाधव लासूर स्टेशनच्या पुढच्या एका खेड्यातून रोज रेल्वेनं यायची. घरची थोडी शेती, वडील कडक. उंच, सडपातळ, बोलायला अतिशय लाजरी. प्रश्न विचारायचा असला की वहीवर लिहून ती वही सुमनपुढं सरकवायची. पण पाकिटांच्या धड्याला पहिल्याच दिवशी न चुकता लूप लिहिणारी एवढ्या वर्षांत ती एकटीच. सुमन पार्टिशनवरून डोकावून मला म्हणाली होती, "ताई, या पोरीच्या हातात पहिल्यांदाच चिठ्ठी आली बघा. पाकीट उघडायला सांगावंच लागलं नाय."

बॅच संपताना पुण्याची एक कंपनी आमच्याकडून मुली घ्यायला तयार झाली. आमच्या सकाळ, दुपार, संध्याकाळच्या तिन्ही बॅचची परीक्षा घ्यायची, पास झालेल्या मुलींची नावं, गुण आणि फोन नंबर गुणांच्या क्रमानं पाठवायचे, आणि मग कंपनी त्या मुलींना थेट फोन करणार. परीक्षेनंतर पूजा सुमनशी वहीशिवाय बोलली. "मॅडम, वडील म्हणलेत, महिन्याभरात फोन आला तर जा. नाय आला तर आलेलं स्थळ पक्कं करतो."

"येतो का नाय बघ फोन," सुमन म्हणाली. "पहिली आलीस तू."

पास झालेल्या एक्केचाळीस मुलींच्या, नाव-गुण-फोन नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. हातानं यादी करता आली असती. पण सुमनला हौस होती. आपण शिकवतो ते खऱ्या कामाला येतं, हे तिला पोरींना दाखवायचं होतं. तिनं चहा पिता पिता वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. चिठ्ठ्यांवरची माहिती टाइप करायचं काम मी घेतलं. शनिवारची दुपार होती, मला घरी जायची घाई होती.

दोन पूजा जाधव मला दिसल्या होत्या. एक लासूरची, एक इथलीच, सिडकोतली, दुसऱ्या बॅचमधली. दुसरी चिठ्ठी हातात आली तेव्हा मनात आलंही की, अरे, ही पण पूजा जाधव. आणि मी पुढची चिठ्ठी उचलली.

सुमननं लूप फिरवला. सुंदर यादी आली, ओळीत, क्रमानं. एकही लाल अक्षर आलं नाही. एकेक नाव न वाचताच तिनं ती पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी कंपनीनं निवडलेल्या मुलींची नावं कळवली. त्यात पूजा जाधव होती. सुमननं स्वतः गुलमंडीवरून पेढे आणले. आमच्या टायपिंगच्या पोरांना वाटले, खालच्या पत्रिकावाल्यांना वाटले, जिन्यात भेटलेल्या कुरियरवाल्यालाही दिला. "माझी पूजा पुण्याला चालली," सांगत सुटली. पुढचे अडीच महिने ती अधूनमधून म्हणायची, "एक फोन करत नाय बघा कार्टी. लाजरी हाय. कामात असंल." आणि हसायची.

अडीच महिन्यांनी नवी बॅच त्या धड्यावर आली. या वेळी सुमनला वाटलं, पाकिटांबरोबर खरा प्रोग्रामही दाखवावा. तिनं तीच यादी पडद्यावर उघडली, जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा एका मुलीकडं दिला. माझ्या बाजूला तेव्हा कुणी नव्हतं, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "चिठ्ठ्या एक्केचाळीस आहेत. यादीत चाळीसच नावं आली."

"पुन्हा मोज."

तिनं मोजल्या. एक्केचाळीस.

त्यानंतर पलीकडून आवाजच आला नाही. कागद उलटल्याचा आला फक्त, एकेक. मी उठून पार्टिशनच्या कडेला गेले. सुमनच्या दोन हातांत दोन चिठ्ठ्या होत्या आणि ती एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मग ती वर्गाला म्हणाली, "आज एवढंच." सात वर्षांत तिनं वर्ग मधेच सोडल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

कंपनीला नावंच पाठवायची होती, म्हणून प्रोग्राममधे तिनं नावाचीच की केली होती. लासूरची पूजा आधी गेली, सिडकोची नंतर आली, आणि लासूरची पूजा तिच्या गुणांसकट, फोन नंबरासकट पुसली गेली. पुण्याला गेली ती सिडकोची. तीही पास होती, तिचा काहीच दोष नव्हता.

सुमननं जिन्यात उभं राहून चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून भावानं उचलला. "पूजा? लग्न झालं तिचं. कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी लासूरला गेलो, तिथून रिक्षानं पूजाच्या माहेरी. आई एकटीच घरी होती. कोळेकर मॅडम आल्या म्हणून तिला इतका आनंद झाला की बसायला सतरंजी कुठली टाकू असं झालं. चहा ठेवता ठेवता ती बोलत होती. "लई नाव घ्यायची तुमचं. महिनाभर फोन उशाशी घेऊन बसली बघा. जेवताना ताटाशेजारी फोन. धाकटा भाऊ गेम खेळाया मागायचा तर द्यायची नाय, म्हणायची, तेवढ्यात आला तर? मंग एक दिवस स्वतःच म्हणली, आई, मी नाय पास झाली. पाव्हण्यांना हो सांगा."

सुमननं तिला सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न लपवता. "चूक माझी," ती म्हणाली, "पोरगी पहिली आली व्हती."

आईनं स्टोव्ह बंद केला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"बाई, आता सांगून काय व्हणार? तिला नका सांगू. तिला वाटतंय आपल्याला जमलं नाय. तसंच राहू द्या. खरं कळलं तर रोज झुरंल."

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. पोटूळ स्टेशन गेलं. शेवटी मला राहवलं नाही.

"सुमन, दोन्ही नावं मीच टाइप केली होती. मला दिसली होती."

"म्हाईत हाय, ताई."

मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "टाइप करणाऱ्याचं काम टाइप करायचं. बघायचं काम माझं व्हतं." यानंतर तिनं तो विषय माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही. कुणापाशीही माझं नाव घेतलं नाही.

आईचं तिनं ऐकलं नाही. "ती स्वतःला ढ समजून जगतीय," मला म्हणाली. "तेवढं तरी खोटं मी ठिवणार नाय." पुढच्या रविवारी ती एकटीच वैजापूर तालुक्यात पूजाच्या सासरी गेली. तिथं काय झालं ते तिनं सोमवारी जिन्यात बसून सांगितलं.

पूजा कांदा साठवायच्या चाळीत होती, सडका कांदा वेचून बाजूला काढत होती. मॅडमना बघून आधी घाबरली, मग डोक्यावरचा पदर सावरून उठली. सुमननं उभ्या उभ्याच सांगितलं.

पूजानं एकच विचारलं. "म्हणजे मी पास होते?"

"पहिली होतीस."

ती कांद्यांकडं बघत राहिली. मग अगदी हळू, वर्गात वही सरकवायची तितक्याच लाजत म्हणाली, "मॅडम, नावाची की कशाला केली? रोल नंबरची करायची ना. तुम्हीच तर शिकवलं व्हतं."

"असं म्हणली ताई," सुमन मला म्हणाली. "रागानं नाय. मी वही तपासताना सांगते ना, तसं. चूक दाखवली तिनं माझी. बरोबर दाखवली." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जिन्यातून पोरं वर-खाली जात होती आणि "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत होती, आणि ती प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होती.

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. जागा भरल्या आहेत, असं उत्तर आलं. क्लासच्या मालकांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, बाहेर बोलू नका. ती प्रत्येक नव्या बॅचला बोलायची. पाकिटं दाखवून झाली की म्हणायची, "ही चूक मी केली," आणि नाव न घेता सगळी हकीकत सांगायची. मालकांना ते आवडलं नाही. तिच्या शिकवण्यातही फरक पडला होता. एकच प्रोग्राम दहा-दहा वेळा तपासून घ्यायची, मोजायला लावायची, पुन्हा मोजायला लावायची. अभ्यासक्रम मागं पडू लागला, पोरांच्या तक्रारी गेल्या. एका महिन्यात तिच्या जागी एक तरुण सर आले. निरोपाच्या दिवशी तिनं डब्यातला पहिला तुकडा माझ्या झाकणात ठेवला आणि आम्ही दोघी जेवलोच नाही.

ती वैजापूरला गेली. स्टँडजवळ एक खोली घेतली, तीन जुने कॉम्प्युटर मांडले आणि लग्न झालेल्या मुलींसाठी दुपारचा क्लास काढला. दुपारी दोन ते चार. "सासवा झोपतात तवा," फोनवर म्हणाली होती. मी येते येते म्हणत दीड वर्ष काढलं. शेवटी एका नातलगाच्या साखरपुड्याला वैजापूरला गेले तेव्हा तिच्याकडं गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या भावाचा फोन आला. पोटाचं दुखणं होतं, तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्यामुळं वैजापूरची ती भेट शेवटची ठरली.

त्या दिवशी ती फार वाळलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "उन्हाळा हाय." खोलीत पाच मुली होत्या. कोपऱ्यातली सतरा-अठरा वर्षांची एक पोरगी बाकीच्यांपेक्षा भरभर काम करत होती, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मी सुमनकडं पाहिलं.

"सीमा," ती म्हणाली. "पूजाची नणंद."

मुली गेल्यावर तिनं सांगितलं. पूजा स्वतः कधी आली नव्हती. बाजारात समोरून आली तरी ओळख दाखवायची नाही, कडेवर पोर घेऊन दुसऱ्या बाजूनं निघून जायची. सुमनलाही तिला हाक मारायचा धीर होत नव्हता. आणि एक दिवस ही पोरगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला वहिनीनं पाठवलंय. माझं लग्न काढलं व्हतं. वहिनी घरात सगळ्यांशी भांडली. म्हणली, आधी मॅडमकडं जाऊ द्या तिला."

"माझ्याकडं पाठवलं, ताई," सुमन म्हणाली. "माझ्याकडं." आणि तोंड फिरवून ती कॉम्प्युटरांवर कापड झाकू लागली.

स्टँडवर ती मला सोडायला आली. ऊन कडक होतं. मी नको नको म्हणत असताना तिनं पाण्याची बाटली घेऊन दिली. बस लागली तेव्हा मी तिच्या बाजूच्या खिडकीत बसले, आणि ती खाली उभी राहून बोलत राहिली. पुढच्या वेळी मुक्कामालाच या, म्हणाली. कंडक्टर अजून आला नव्हता. मग ती कुणा बाईला गाडीची वेळ सांगायला दोन पावलं मागं वळली, आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाबांना बसायला जागा हवी म्हणून मी उठले, पलीकडच्या रांगेत दोघींच्या मधे दाटीनं बसले. बस सुरू झाली. गर्दीतून वाकून मी पाहिलं, तर सुमन डोळ्यांवर आडवा हात धरून अजून त्या जुन्याच खिडकीकडं बघत होती. मी हाक मारली, पण इंजिनच्या आवाजात ती पोचली नाही. बस फाटकातून वळेपर्यंत ती त्या खिडकीला हात हलवत राहिली. खिडकीतल्या त्या अनोळखी बाबांनी तिला हात केला.